शब्द आला नाही, असं लिहा

कडोलीला जीप पाठवून मला आणलं.
खडेबाजारच्या ठाण्यात म्हणे एक सुदानी पोरगा आहे,
फार्मसीचा, व्हिसा संपलेला, परत जायचं नाही म्हणतो.
आणि अरबी येणारा माणूस म्हणजे
जेद्द्यात अठरा वर्षं पाण्याचा टँकर हाकलेला मी,
दस्तगीर बोजगर.

माझी अरबी किती, तर
डावीकडं घे, नळी सोड, पगार उद्या.
आणि नमाजेतली, ती पाठ.
या दोन्हींच्या मधे माणूस जिथं राहतो
तिथली एक ओळ मला येत नाही.

हट्टीहोळीबाई कानडीत विचारतात,
मी मनात मराठी करतो, अरबीत ढकलतो.
इसाक बोलतो, टेबलाची कड धरून,
आणि उलट्या वाटेनं कल्लाप्पा रायटरच्या पेनापर्यंत येस्तोवर
त्याचं गाव, भाऊ, विहिरीजवळची ती रात्र
चार ओळींत बसते.

मग तो म्हणाला, हरब्त.
तीनदा म्हणाला.

हा शब्द मला ठाऊक होता की.
मालकाला सोडून गेलेल्या गड्याच्या नावापुढं
यार्डात हाच शिक्का पडायचा. हुरूब.
मग कोठडी, मग विमान.
"काय म्हणतो? फरार?" बाईंनी विचारलं,
आणि माझी मान हलायला लागलीच होती.

पळणं केवढं आहे बघा.
चोर पळतो, शाळेतनं पोर पळतं,
घर पेटल्यावर लेकरू काखेत मारून बाई पळते.
रकान्यात एकच मावतं.

जेद्द्यात मीही एका कागदावर सही केली होती.
वाचून दाखवा म्हणालो नाही, लाज वाटली.
सात महिन्यांचा पगार पोचला, असं त्यात होतं.

"बाई, लिहा,
दुभाष्याला हा शब्द आला नाही.
खाली माझी सही घ्या.
बेंगळूरहून, कुठनं तरी, शिकलेला माणूस आणा,
आणि सगळं याला याच्या भाषेत वाचून दाखवा,
सहीच्या आधी."

पंखा गरगरत राहिला.
"साहेबांना काय सांगू मी?"
"दस्तगीरला येत नाही म्हणून सांगा."

कल्लाप्पानं एक ओळ खोडली.
त्यानं आधीच लिहून टाकली होती.

इसाकला यातलं काही कळलं नाही.
मी उठलो एवढंच दिसलं त्याला,
हात सोडून निघालेला माणूस.
दारात थांबून मी म्हणालो, बुकरा. उद्या.
पगाराच्या दिवशी आम्हाला सांगायचे, तोच शब्द.
दुसरा नव्हता माझ्याकडं.