बिलावर काय लिहायचं

अंबडच्या शेडमध्ये मी द्राक्षबागेचे वीडर दुरुस्त करतो.
पाती, गिअर, कार्ब्युरेटरात अडकलेला कचरा.
विमानांशी संबंध एवढाच :
ओझरहून काही उडालं
की टपरीवरच्या ग्लासातला चहा
कडेकडेनं थरथरतो.

मग दस्तूरबाई आल्या, देवळाली कॅम्पच्या,
सत्तरी ओलांडलेल्या, पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांत.
"गांगुर्डे, विमान ढकलायला माणसं मिळत नाहीत.
कारभारी होता, त्याचा खांदा गेला.
माझी कंबर तर आधीच गेलेली.
वर गेल्यावर मला कुणी लागत नाही.
हँगरपासून धावपट्टीपर्यंतच अडतं."

दोन माणसांचं विमान. पाचशे किलो.
द्राक्षाचा भरलेला टेंपो याहून जड,
पण टेंपोला कुठंही खांदा लावता येतो.
इथं हात लावू नका, तिथं रेटू नका,
पत्रा म्हणजे नुसता पापड.
धरायचं ते पुढच्या चाकाला,
आणि पुढच्या चाकाच्या डोक्यावरच पंखा.

मेहुण्याचा वीडर पडून होता,
एप्रिलच्या छाटणीपर्यंत त्याला काम नव्हतं.
पाती उतरवली. निफाडची काळी माती
तासभर खरवडली, तरी खाचांत राहिलीच थोडी.
चाकासाठी पाळणा केला :
अँगलची चौकट, आतून कन्व्हेयर पट्ट्याचं रबर,
एका अंगाला उघडणारी फळी, फळीला खिट्टी.
मधला दांडा साडेसहा फूट,
पंख्याच्या फेऱ्याबाहेर माझं डोकं राहील इतका.

पहिल्या दिवशी क्लच सोडला
आणि विमानानं अशी मान झटकली
की कारभारी एका हातानंच नमस्कार करून बाजूला झाला.
बाई ओरडल्या नाहीत.
नाकाखालच्या खांबावर दोन लाल रेघा होत्या,
त्यांवर बोट ठेवून म्हणाल्या,
"यांच्या पलीकडं मान वळवायची नाही. मोडते."
मग खिशातून चावी काढली.
"ही इथं असेल तेव्हाच तू पंख्यापुढं जायचं."
दुसरं काही शिकवलं नाही.

सातपूरच्या भंगारात बेचाळीस दात्यांचं चक्र मिळालं,
कुठल्याशा मोटरसायकलचं, मागचं.
चौदाच्या जागी ते बसवलं,
वेग तिसऱ्या हिश्श्यावर आला.
सायकलचा ब्रेक उलटा जोडला :
मूठ सुटली की यंत्र जागच्या जागी थांबायला हवं.
मला चक्कर आली तर
विमानाला काय कळणार.

पौषातली सकाळ. लांब कुठल्यातरी बागेत ब्लोअर.
बाहेर काढायला रिव्हर्स टाकायचा,
म्हणून मी पाठमोरा चालतो
आणि ते माझ्याकडं तोंड करून येतं,
दवातून, ढेकळांवर पंख हलवत,
बाजाराला निघालेल्या म्हाताऱ्यासारखं, घाई नाही.
एवढं मोठं काही
माझ्या पावलांच्या मापानं चालत
याआधी कधी आलं नव्हतं.
कारभारी दाराशी. पंखाचं टोक
चार बोटांवरून गेलं, तेव्हा त्यानं श्वास सोडला
आणि वीडरला शिवी दिली, प्रेमानं.

परत आणताना दारातच इंजिन बंद करायचं,
आत पेट्रोलचा वास असतो.
शेवटचे दहा फूट अजूनही हातानंच :
बाईंची कंबर, कारभाऱ्याचा उरलेला खांदा, मी.

"वर येतोस का एकदा?"
म्हटलं, येईन. डिलिव्हऱ्या आटोपू द्या.
त्या हसल्या. अशी उत्तरं त्यांनी पुष्कळ ऐकली असतील.

मग बिलबुक उघडलं. तपशिलाचा रकाना.
विमान लिहावं तर आमच्या कर सल्लागाराला घाम फुटेल.
नेहमीचंच लिहिलं : वीडर दुरुस्ती, एक नग.
खाली बारीक अक्षरात,
पाती शेडमध्ये आहेत, तेल लावून, गोणपाटात.
एप्रिलात परत बसवायची.