खाच

लाकूड पाणी पिऊन फुगलं होतं.
नोव्हेंबरात जुराच्या डोंगरात सगळंच पाणी पितं:
दारं, बूट, मीठ,
बाबांच्या चाकूची अक्रोडी मूठ.
पातं आत रुतून बसायचं.

पूर्वी ते चाकू बुडाकडून आपटायचे,
टेबलाच्या कडेवर, एकदाच, ठक्.
बोटभर बाहेर आलेलं पोलाद
नखानं उचलायचे, बोलता बोलता,
दुधाचा भाव, कुणाची गाय अडली, कुणाचं लग्न मोडलं.
डाव्या हातात मूठ, उजव्याचं नख.
याला दोन हात लागतात
हे तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मार्चमध्ये उजवा हात मिटला तो मिटलाच.
मंगळवारी नर्स येते, एकेक बोट सोडवते,
आत रुमालाची गुंडाळी ठेवते.
तिची गाडी वळणापार गेली
की बोटं परत आपल्या जागी.
झाकली मूठ म्हणतात ना, तशी.
लाखाची वगैरे नाही. नुसती झाकलेली.

थिबो लिऑंहून फोनवर म्हणाला,
बटणाचा घे, दाबला की उघडतो, वीस युरोत.
बाबांनी ऐकलं.
पाव दातांनी तोडला.

रविवारी ते झोपल्यावर
मी टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं.
पकडीनं मुठीचं पोलादी कडं फाकवलं,
ते उडालं, थेट फ्रिजखाली.
पालथी पडून झाडूच्या दांड्यानं ओढलं
तर सोबत एक वाळका वाटाणा
आणि बाबांच्या तीन गोळ्या, पांढऱ्या.
गोळ्या खिशात टाकल्या. आधी चाकू.

इस्पिकच्या सत्तीला पॉलिश पेपर गुंडाळून
मुठीच्या फटीत वर-खाली, वर-खाली,
पातं आढेवेढे न घेता हलेपर्यंत.
मग पेन्सिलीनं दोन्ही अंगांना अर्धचंद्र,
जिथे अंगठा आणि तर्जनी
पात्याला चिमटीत धरू शकतील.
गोल कानस टेकवली आणि थांबले.
चाळीस वर्षांच्या घामानं काळं झालेलं लाकूड,
आणि पहिल्याच घासाखाली ते फिकट, ओलसर,
जणू झाड कालच पाडलंय.

पात्याला मस्टर्ड फासली, गंज धरू नये म्हणून.
धुतल्यावर पोलादावर करडे ढग उमटले.
मूठ रात्रभर जॅमच्या बरणीत,
कोमट जवसाच्या तेलात, उलटी.

सकाळी त्यांनी अंगठा फिरवला खाचेवरून.
"कुरतडलंय कुणी?"
"उंदरानं."
"मोठा दिसतोय उंदीर."
चाकू खिशात गेला. तीन दिवस निघाला नाही.

गुरुवारी बाझील टपाल घेऊन आला, बसला.
बाबांनी टेबलावर ठक् केलं.
पातं चिमटीत, मूठ मांडीवर दाबलेली.
निसटलं.
पुन्हा. चाकू जमिनीवर.
बाझील खिडकीतून आपली पिवळी व्हॅन बघत बसला,
कुणी चोरून नेईल अशी.
मी वाकले नाही. फार कठीण गेलं ते.
तिसऱ्यांदा उघडलं. अंगठ्यानं कडं सरकवलं, ताठ.

नासपतीचे तीन तुकडे झाले, वेडेवाकडे.
सगळ्यात मोठा बाझीलला.

तो गेला. दिवे लागले.
चाकू तसाच उघडा, टेबलावर, रसानं चिकट.
कडं एकीकडे ढकलता येत होतं अंगठ्यानं,
उलटं ओढता येत नव्हतं.
मिटायचं मी हिशेबात धरलंच नव्हतं.

त्यांनी तो माझ्याकडे सरकवला,
मूठ माझ्या बाजूला,
मी सहा वर्षांची असताना सरकवायचे तसा.
मी कडं फिरवलं. पातं आत घातलं.
मग खिशातून गोळ्या काढून
सालींशेजारी मांडल्या.

त्यांनी मोजल्या.
"तीनच?" म्हणाले.
"कपाटामागेही बघ."