कांद्याची सालं

त्या वर्षी ईस्टरला घरात एकच अंडं होतं.
माणसं चार.
आईनं हिवाळाभर जमवलेली कांद्याची सालं
पिठाच्या डब्यातून काढली, पाण्यात टाकली,
खिडकीला घोंगडी लावली.
अंडं उकळेपर्यंत बाबा
रेडिओ मोठा करून बसले.
रेडिओ सांगत होता, यंदा मका अमाप,
आणि जगात देश एकच असा
जिथे देव उरलेला नाही.

आमच्या श्कोडर शहरात तेव्हा
चर्चमध्ये व्हॉलीबॉल चालायचा.
वेदीच्या जागी गुणफलक.
मीही खेळले आहे तिथे, खोटं कशाला बोलू,
माझी सर्व्हिस चांगली होती.
चेंडूमागे मान वर गेली की
छताच्या चुन्याखालून
कुणाचा तरी निळा झगा दिसायचा.

आईचा जप राजम्यावर चालायचा.
दहा दाणे सोलायचे, एक बाजूला.
पुन्हा दहा.
जिन्यातून द्रिता डोकवायची,
"प्रेंदा, किती गं हळू सोलतेस!"
"किडका आहे का ते बघावं लागतं."
ओठ हलायचे, आवाज नाही.
आवाज तिनं कुठे ठेवला होता कुणास ठाऊक,
बहुतेक क्रूसाबरोबर,
चुलीमागच्या सैल विटेच्या आत.

सोमवारी वर्गात बाईंनी विचारलं,
"काल काय काय जेवलात, मुलांनो?"
गोड आवाजात.
मग म्हणाल्या, "हात पुढे करा."
सालं मी पिळली होती,
हट्ट करून, धाकटी म्हणून.
नखांच्या कडांत तांबूस रंग, साबणाला न जुमानणारा.
बाई दोन बाकांवर आल्या
आणि मी दौत उपडी केली.
दोन्ही हात मनगटापर्यंत निळे.
छडी खाल्ली ती शाईसाठी.
फक्त शाईसाठी.

घरी आले ती शाबासकी घ्यायला.
आईनं राख घेतली, हात घासले,
बराच वेळ बोलली नाही.
मग, "तू लहान आहेस, तुला माफ आहे.
मला नाही."

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली,
कारखान्याचा डगला तसाच, तंबाखूचा वास तसाच,
आणि बाईंच्या टेबलावर
कागदाची पुडी सोडली.
"ही सालं. रंग मी केला होता.
पोरीला विचारू नका."

बाबा भिंतीवर हात आपटत राहिले:
कोण आलं होतं विचारायला? कोण?
ती म्हणाली, "पुढच्या वर्षी पुन्हा हात बघतील.
किती दौती सांडायच्या तिनं?"

सहा वर्षं. दक्षिणेला, दलदल उपसायला.
पत्रात तीन ओळी:
तब्येत बरी. थंडी आहे.
इकडे राजमा मिळत नाही, पण खडे पुष्कळ.
भावाला वाटलं, तिचं डोकं फिरलं.
मी त्याला काही सांगितलं नाही.
मी रागावले होते, तेही सांगून टाकते.
अकराव्या वर्षी आई हवी असते,
साक्षीदार नको.

मग पुष्कळ वर्षांनी तो नोव्हेंबर.
कब्रस्तानात पहिली मिस्सा, चिखलात.
तुरुंगातून सुटलेले दोम न्दोक,
हात इतके थरथरत की प्याला दोघांनी धरलेला.
माणसं भिंतीवर, थडग्यांवर, सुरूच्या झाडांवर.
"हे आमच्या स्वर्गातील बापा" सुरू झालं
आणि सगळे मोठ्यानं, रडत, शब्द चुकवत.

मी आईकडे पाहिलं.
ओठ हलत होते.
"आई, बोल ना. आता चालतं."
तिनं मान हलवली, प्रयत्न केला,
घशात नुसती खरखर.
मग माझे हात ओढून घेतले
आणि एकेक बोट दाबत गेली,
चुरगळत म्हणावं इतकं घट्ट.
दहा संपली तशी थांबली.
बाजूला ठेवायचा तो एक शोधत होती.
डगल्याच्या खिशात हात घातला.
होता.
राजमा नव्हे, खडा.