तिसऱ्या कोपऱ्याचं नाणं

घर कलायला लागलं होतं.
जमिनीवर चेंडू ठेवला तर भट्टीपासून थेट दाराशी जायचा.
येर्मोलाय आला, चार जॅक लावले,
बसकण मारलेल्या गाईला पोटाखाली हात घालून उठवावं
तसं घर वीतभर उचललं
आणि कुजल्या ओंडक्याचा भुगा उपसता उपसता म्हणाला,
"अग्निया तिखोनोव्ना, तुझ्या सासरच्यांनी पैसे पुरलेत."

तीन कोपऱ्यांत तीन नाणी.
चौथ्यात काही नाही. विसरले, की संपले, कोण सांगणार.
घर रिकामं राहू नये म्हणून इकडे ठेवतात,
पहिल्या ओंडक्याखाली, कुऱ्हाड लावण्याआधी.
तांब्याची. इतकी कळकलेली
की मातीनंच आपल्यासाठी पाडून घेतली असावीत.

पहिलं मी बिघडवलं. कबूल आहे.
व्हिनेगर, वर चिमूटभर मीठ,
दहा मिनिटांत निघालं ते गुलाबी,
सोलवटलेल्या गुडघ्यासारखं.
गरुडाची पिसं गेली. साल गेलं.
सगळी जुनी कातडी वाटीच्या तळाशी
हिरवं पाणी होऊन बसली.
"वा, नवंकोरं!" येर्मोलाय म्हणाला.
मी त्याला चहा दिला.

छत्तीस वर्षं लोणी कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढली मी.
घाईनं काय नासतं हे मला कुणी सांगायला हवं होतं?

दुसरं साबणाच्या पाण्यात ठेवलं, बाळांच्या साबणाच्या.
दर रविवारी पाणी बदलायचं.
सुखोना नदी गोठली, सुखोना फुटली,
वाटी खिडकीतच.
मग एका सकाळी लाकडी काडीखाली
घोड्याचा खूर लागला,
आठवड्यानं स्वार, आणि अगदी शेवटी भाला,
केसाएवढा.

लोकांना वाटतं, धुतलं की झालं.
धुतल्यावर तर तांबं उघडं पडतं.
स्वयंपाकघराची वाफ, आंबवलेल्या कोबीचा वास,
मीठ, श्वास, सगळं त्याला बाधतं.
बोटांचा घाम तर तांबं वर्षानुवर्षं विसरत नाही.
म्हणून तीनदा उकळायचं, ऊर्ध्वपातित पाण्यात.
पाव काढून झाले की निवत्या भट्टीत रात्रभर सुकवायचं.
मग मेण. मधमाश्यांचं, वितळलेलं, न उकळणारं.
आत सोडलं की बारीक बुडबुडे येतात,
भेगांतली हवा, कुणाच्या तरी काळातली.
बुडबुडे थांबेपर्यंत थांबायचं.
त्यानंतरही थोडं.
चिमट्यानं काढून जुन्या तागाच्या कापडावर,
एकदाच पुसायचं. चमकवायचं नाही.

तिसरं मेणालाही ऐकेना.
फिकट हिरवी भुकटी सुटते, पुसली की परत.
हा कळंक नाही, हा आजार आहे,
शेजारच्यालाही लागतो म्हणतात.
त्याला वेगळी बरणी दिली,
आणि साव्वाच्या बुटांच्या खोक्यातल्या
ओल शोषणाऱ्या दोन पुड्या.
ते बूट त्यानं दोनदा घातले होते.

मे महिन्यात नवा लार्चचा ओंडका आला.
"पुन्हा मातीतच घालायचीत," येर्मोलाय म्हणाला,
"मग वर्षभर कसली उस्तवार केलीस?"
मला उत्तर आलं नाही. अजून येत नाही.
भालेवाला पहिल्या कोपऱ्यात ठेवला, बर्चच्या सालीत गुंडाळून.
गुलाबी दुसऱ्यात, तसाच, उघडा.
माती त्याला साल देईल पुन्हा, सावकाश,
मी नसेन बघायला.
चौथ्यात माझ्या पाकिटातले दहा कोपेक:
चुंबकाला चिकटतात, वरून नुसतं पिवळं पाणी,
तरी मेणात बुडवून घेतले.
तिसऱ्या कोपऱ्याला म्हटलं, थांब जरा,
तुझं आजारी आहे.

जॅक सुटले. घर करकरत खाली बसलं.
येर्मोलायनं चेंडू ठेवून पाहिला.
जातो अजून थोडासा.
पण आता खिडकीकडे,
जिथं बरणी आहे.