कपाटाच्या दारावर

एर्मेलिंदा टीचरच्या घरातच शाळा भरते, दिवाडीला.
मुलं अकरा. फळा म्हणजे
कपाटाचं दार, काळं रंगवलेलं.
तांदूळ काढायला कुणी उघडलं
की मांडलेला भागाकार भिंतीकडे तोंड करतो,
आणि मुलं थांबतात
मापं मोजून होईपर्यंत.

घंटा नाही.
फेरीबोट धक्क्याला लागली की
पलीकडची चार येतात, चपला हातात घेऊन.
मोठ्या ओहोटीला सुट्टी:
शेवंतीच्या आईला तिसऱ्या वेचायला हात लागतात.
दुसऱ्या दिवशी गणितं
त्याच तिसऱ्यांची, वाट्याने.

माझी रात्रपाळी, पणजीच्या हॉटेलात.
पहिल्या बोटीने परतते, दत्तेशला सोडते,
म्हणते, पाच मिनिटं टेकते हं टीचर,
आणि बाकावर झोपते ती थेट जेवणवेळेपर्यंत.
कुणी उठवत नाही.
तेवढा वेळ पाढे
कुजबुजत म्हणायचे, असा तिथला नियम.

मी शाळा सोडली तेव्हा
पाचाच्या पाढ्यापर्यंत आले होते.

परवा झोपेतच कानावर आलं,
सात सत्ते...
दत्तेश अडखळला. कुणीच बोलेना.
डोळे न उघडता मी म्हटलं,
एकोणपन्नास.