पाठीवरचा डबा

डॉक्टर म्हणाले, गुडघ्याची वाटी झिजलीय,
चालणं सोडू नका, पण फार चालूही नका.
म्हटलं, मग नक्की करू काय?
त्यांनी गोळ्यांच्या खाली लिहिलं : पोहणे.
जेवणाआधी की नंतर, ते लिहिलं नाही.

बावन्नावं सरतंय. हळदीच्या पेठेत अडत्याकडे वह्या लिहिते,
दिवसभर खुर्ची, आणि संध्याकाळी
घरी आल्यावर हात धुतले तरी साबण पिवळा.
पोहणं मला येत नव्हतं.
सांगलीत जन्म काढला, नदी दारात,
आणि पाण्याशी ओळख फक्त एकदाच, एकोणीस सालची,
जेव्हा तीच पाहुणी होऊन माडीपर्यंत आली
आणि मी मांडीवर कुकर घेऊन होडीत बसले.
कुकरच का, हे आजवर सांगता आलेलं नाही.
होडीतला पोरगा ओरडत होता, मावशी, हलू नका.
चार वर्षं मी तशीच, न हलता.

नेमगोंडा आण्णा चौऱ्याहत्तर वर्षांचे.
माई घाटावर पहाटे साडेपाचला लंगोट पिळत उभे.
त्यांनी तेलाचा पाच लिटरचा रिकामा डबा
सुतळीने माझ्या पाठीला बांधला, बूच दोनदा आवळलं.
"भोपळा मिळत न्हाई आता. ह्योच आपला भोपळा."
डब्यावर सूर्यफुलाचं चित्र, त्याखाली
हृदयासाठी उत्तम.

"मान सोड की गं. बोचकं धरल्यागत काय धरलीस?
पाय मार. पायरी न्हवं, पाणी मार."
मी पायरीच मारत होते. नडगी सोलली.
नाकातून पाणी थेट मेंदूत गेलं,
आणि वरच्या पायरीवर शमशाद बागवान
पदर तोंडाला लावून हसत राहिली.
तिला शुगर. ती फक्त चालते,
घाटापासून आयर्विन पुलापर्यंत आणि परत,
हातात पेरूची पिशवी, म्हणजे जाता जाता गिऱ्हाईकही.

काही दिवस मगर दिसते.
म्हणजे दिसलीय असं कुणीतरी म्हणतं,
पलीकडच्या काठाला ओंडका, आणि ओंडक्याने कूस बदलली.
त्या दिवशी पाण्यात कुणी नाही.
आण्णा सगळ्यांना ओळीत उभं करतात, बैठका.
वकील, दूधवाला, बँकेतून सुटलेले दोघे, मी.
आण्णांचे गुडघे वाजत नाहीत, आमचे सगळ्यांचे वाजतात,
लेझमाचा सराव चाललाय असं वाटतं.

पेठेत हमालांना कळलंच.
दुपारी काटा मोकळा दिसला की म्हणतात, बाई, चढा.
मी चप्पल काढून चढते.
अडुसष्ट किलो चारशे.
सिदू हमाल गंभीर तोंडाने विचारतो,
"बारदान वजा करायचं का?"
तीन महिन्यांत नऊशे ग्रॅम गेले.
एवढी हळद सांडली तर मालक दिवसभर बोलतो.

लेक पुण्याहून फोनवर सांगतो, आई, घड्याळ पाठवतो,
ते ठोके मोजतं, झोप मोजतं, पावलं मोजतं.
मी म्हटलं, राहू दे. माझी वही आहे.

मालक उघडत नाहीत त्या शेवटच्या पानावर
पेन्सिलने, बारीक अक्षरात :

सोम. हात अकरा. पाणी गार.
मंगळ. मगर. बैठका वीस. गुडघा बोलला.
बुध. आण्णा आले नाहीत. नातीचं बारसं.
        आम्ही कुणी उतरलोच नाही, चहा प्यालो.
गुरू. हात चौदा. घोट दोन.
शुक्र. शमशादने पाय भिजवले. गुडघ्यापर्यंत.
        पेरू फुकट.
शनि. डबा घरी राहिला.
        लक्षात आलं तेव्हा
        पाणी गळ्याला लागलं होतं
        आणि मी हात मोजत होते.