पुढची सीट

फर्मिनकडून घेतली तेव्हाच मागचं डावं दार
फक्त आतून उघडायचं.
"बाये, तीन दारं पुरेत तुला," म्हणाला
आणि दहा हजार उतरवले.

बोरीच्या पुलावर समोरून ट्रक आला
की ही अंग चोरते. मीही.
फर्मागुडीच्या चढाला एसी बंद करायचा,
दुसरा गिअर टाकायचा
आणि मागच्या बसवाल्याकडे आरशात बघायचं नाही.

कुशीवर लांब ओरखडा आहे,
बोरकरांच्या चिऱ्याच्या गडग्याचा.
तांबडा रंग अजून आत रुतलेला.

चवथीला माटोळीचं सामान डिकीत मावेना,
तर शेवंता मावशी सुपारीचा घोस मांडीवर घेऊन बसली
म्हापसा ते बांदोडा,
काच खाली, कारण त्याआधीच्या रविवारी
बांगड्यांचं पाणी सांडलं होतं.
दोन शिगमे उलटले. वास आहे.

बांबोळीहून अण्णांना आणलं तेव्हा
प्लास्टर मांडीपर्यंत.
ॲम्ब्युलन्स नको म्हणाले, शेजारी बाहेर येतात बघायला.
सीटखालचा दांडा ओढला, रेटली मागे,
अजून मागे, खट्.
कुंडईपर्यंत गप्प होते.
फर्मागुडीला त्यांनीच हात लांब करून
एसी बंद केला.
चढ संपल्यावर विचारलं,
"मायलेज किती देते गो?"
मी दोन किलोमीटर वाढवून सांगितलं.

आता शेजारी जो बसतो तो पाय पसरतो,
म्हणतो, बाहेरून वाटत नाही
आत एवढी जागा असेल.
पुढे घे ना जरा, मागच्याचे गुडघे चेपतात.

दांडा गंजलाय, मी सांगते.
खारी हवा.